थंडीतलं ऑइल : वीस-पन्नास की पंधरा-चाळीस?

पुण्याच्या हवामान-नोंदींत सगळ्यांत गार पहाट आहे १७ जानेवारी १९३५ची. त्या दिवशी पारा १.७ अंश सेल्सिअसवर उतरला होता. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले, आणि तो आकडा अजून टिकून आहे. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात थंडीची लाट आली की पारा पाचाच्या खाली जातो, बागाईतदार रात्रभर शेकोट्या पेटवून धूर करतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं आणि त्याचे फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतात. महाराष्ट्राची थंडी साधारण इथवरच.

या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा मांडायला हवा. गॅरेजमध्ये ज्याला ‘वीस-पन्नास’ म्हणतात त्या २०डब्ल्यू-५० ऑइलची थंडीतली परीक्षा होते उणे १५ अंशांना. ‘पंधरा-चाळीस’ची, म्हणजे १५डब्ल्यू-४०ची, उणे २०ला. १९३५च्या त्या पहाटे पुण्यातल्या एखाद्या मोटारीत आजचं वीस-पन्नास असतं, तरी परीक्षेच्या तापमानापासून ते सोळा-सतरा अंश वरच राहिलं असतं.

तरीही दरवर्षी दिवाळी सरली, अंगावर स्वेटर चढले की जुन्या गाड्यांच्या मालकांत एकच चर्चा सुरू होते. सकाळी गाडी जड फिरते, टॅपेट वाजतात, मग ऑइल पातळ घालावं का? कुणी सांगतं, हिवाळ्यात ५डब्ल्यू-३० घाल, मख्खन चालेल. कुणी सांगतं, जुनं इंजिन आहे, पातळ घातलंस तर रिंगा सोडतील, धूर मारेल. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभं राहिलं की दोन्ही मतं पाच मिनिटांत कानावर पडतात. दोन्हींत थोडं खरं आहे. पण दोघांचंही लक्ष ऑइलच्या डब्यावरच्या पहिल्या आकड्यावर आहे, आणि महाराष्ट्रातल्या जुन्या गाडीचं भलंबुरं बहुतेक वेळा दुसऱ्या आकड्यावर आणि ऑइलच्या वयावर ठरतं.

ऑइलचे हे आकडे ठरवते अमेरिकेतली सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स, म्हणजे एसएई. तिचं पहिलं वर्गीकरण १९११चं. तेव्हा मोटारींत एकाच ग्रेडचं ऑइल असे आणि ऋतू बदलला की मालक ते बदलत. फोक्सवॅगन बीटलच्या जुन्या हँडबुकातही हाच क्रम छापलेला दिसतो : उन्हाळ्यात ३०, हिवाळ्यात २०, अगदी कडक थंडीत १०. पुढे १९३०च्या दशकात थंडीसाठी वेगळ्या ग्रेड आल्या आणि त्यांच्या मागे विंटरचा डब्ल्यू लागला. उन्हाळा-हिवाळा दोन्ही सांभाळणारं मल्टिग्रेड ऑइल रूढ झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. हिवाळ्यासाठी ऑइल बदलायची सवय त्या जुन्या, एकेरी ग्रेडच्या जमान्यातली आहे. ऑइल बदललं, सवय तशीच राहिली.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो की गारठलेलं इंजिन स्टार्टरला फिरवता येईल का आणि ऑइल पंपापर्यंत पोचेल का. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा सांगतो की इंजिन तापून ऑइल १०० अंशांवर गेलं की त्यात किती दम उरतो. तो दम मोजतात सेंटिस्टोकमध्ये. ३० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. पहिला आकडा कमी असेल तितकं ऑइल थंडीत वाहतं, दुसरा मोठा असेल तितकं ते तापल्यावर जाड राहतं. थंडीत २०डब्ल्यू हे १५डब्ल्यूपेक्षा जाड, पण ५० आणि ४० हा फरक तापल्यावरचा. एकाच डब्यावर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं छापलेली असतात, आणि काउंटरवरच्या वादात ती हटकून एकमेकांत मिसळतात.

थंड असताना ऑइल किती घट्ट होतं? बाजारात मिळणारं साधं मिनरल वीस-पन्नास १०० अंशांना साधारण १८-१९ सेंटिस्टोक असतं. तेच ऑइल १० अंशांना, म्हणजे नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या नेहमीच्या पहाटे, हजार सेंटिस्टोकच्या आसपास जातं. पंधरा-चाळीस त्याच पहाटे सहाशेच्या घरात असतं आणि पाच-तीस तीनशेच्याही खाली. हे आकडे पाहून कुणीही म्हणेल की पातळ ऑइलच बरं. पण ज्या परीक्षेत वीस-पन्नास पास होतं तिथली मर्यादा किती आहे ते पाहावं : उणे १५ला इंजिन फिरवताना ९,५०० सेंटिपॉइज आणि उणे २०ला पंपाकडे वाहताना ६०,०००. ऑइल पाण्यापेक्षा किंचित हलकं असल्याने सेंटिस्टोक आणि सेंटिपॉइज हे आकडे ढोबळमानाने जवळजवळ जातात. हजार कुठे आणि साठ हजार कुठे! हजारावर ऑइल काकवीसारखं ओघळतं, पण ओघळतं. पंपाला ते ओढायला कसलीही अडचण येत नाही.

अडचण येते ती ऑइल वर चढण्यात, आणि ती काही सेकंदांची असते. प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण घेऊ. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली, पण खासगी पद्मिनी आजही अनेक घरांत जिवापाड जपलेल्या आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचं १,०८९ सीसीचं इंजिन मूळ फिएट ११०० घराण्यातलं. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. खालून पुशरॉड रॉकरला ढकलतात आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. ऑइल चेंबरमधून पंपाने उचललेलं ऑइल फिल्टर, मुख्य गॅलरी आणि क्रँकच्या बेअरिंगांतून फिरत शेवटी बारीक वाटेने वर रॉकर शाफ्टपर्यंत जातं. रात्रभर उभ्या गाडीतलं वरचं ऑइल निथळून खाली आलेलं असतं. सकाळी चोक ओढून सेल मारला की पहिल्यांदा ऑइलचा लाल दिवा विझतो. टॅपेटची टिकटिक त्यानंतरही थोडा वेळ ऐकू येते. दिवा बहुधा गॅलरीचं प्रेशर सांगतो, रॉकर शाफ्ट त्याहून पुढे आहे.

ही टिकटिक गरम दिवसांतही असते, थंडीत ती थोडी लांबते, इतकंच. दोन-चार सेकंद जास्त वाजून बंद होत असेल तर ते ऑइलचं दुखणं नाही. इंजिन पूर्ण तापल्यावरही वाजत राहिली तर टॅपेटचं क्लिअरन्स तपासायला हवं. त्यावर जाड ऑइल ओतून आवाज दाबणं म्हणजे आजार तसाच ठेवून ताप उतरवणं.

त्या पहिल्या मिनिटात खरा घात करतो तो अॅक्सिलरेटरवरचा पाय. थंड ऑइल जाड असतं, पंप ते ढकलतो आणि गॅलरीत प्रेशर एकदम वाढतं. वाढीव प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंचसं ऑइल इंजिनात न जाता परत चेंबरमध्ये पडतं. अनेक फिल्टरांना बायपास व्हॉल्व्ह असतो. ऑइल कागदातून जाऊ शकलं नाही की तोही उघडतो आणि न गाळलेलं ऑइल बेअरिंगकडे जातं. फिल्टर जुना, चोंदलेला असेल तर हे हटकून होतं. सुरू होताच रेस देऊन ‘गरम करणारे’ या काही सेकंदांत इंजिन जितकं झिजवतात, तितकं वीस-पन्नास आणि पंधरा-चाळीस यांतल्या फरकाने कधीच झिजणार नाही. चोक लागेल तेवढाच ठेवून अर्धा-एक मिनिट मोकळं चालू द्यावं आणि मग हलक्या पायाने निघावं. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर जागेवर उभं राहून तापत नाहीत, त्यांना चालणंच लागतं.

जुन्या गाडीला जाड ऑइल लागतं, ही समजूत कुठून आली? तिच्या मुळाशी एक इंग्रज अभियंता आणि एक लाकडी बूच आहे. १८८३च्या सुमारास बोशां टॉवर हे रेल्वेच्या धुऱ्यांची बेअरिंगं तपासत होते. ऑइल घालण्यासाठी वरच्या पितळी भागाला त्यांनी भोक पाडलं, तर त्यातून ऑइल बाहेर येऊ लागलं. त्यांनी भोकात लाकडी बूच ठोकलं. धुरा फिरू लागला तसं बूच वर सरकून बाहेर आलं. तिथे गेज लावल्यावर कळलं की फिरणारा धुरा ऑइलला स्वतःसोबत अरुंद फटीत ओढतो आणि तिथे एवढं प्रेशर तयार होतं की सगळा भार ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो. पितळ आणि लोखंड एकमेकांना शिवतच नाहीत. १८८६मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. आजच्या प्रत्येक मोटारीच्या क्रँक बेअरिंगमध्ये तेच घडत असतं.

हा पापुद्रा किती जाड राहील ते तीन गोष्टींवर ठरतं : फिरण्याचा वेग, भार आणि ऑइलची घट्टी. जुन्या इंजिनात बेअरिंग झिजून फट रुंदावते आणि ऑइल बाजूने लवकर निसटतं. अशा वेळी गरम असताना थोडं जाड ऑइल पापुद्रा टिकवतं. समजुतीचा पाया इतका खरा आहे. मात्र इथे बोलणं आहे गरम घट्टीचं, म्हणजे डब्ल्यूनंतरच्या आकड्याचं. ज्या पद्मिनीचं, अॅम्बॅसडरचं किंवा जुन्या जीपचं इंजिन लाखभर किलोमीटर चाललं आहे आणि तापल्यावर आयडलला ऑइल प्रेशर खाली बसतं, तिला चाळीसवरून पन्नासवर नेण्यात अर्थ आहे. जुन्या गॅरेजांत हजार आरपीएममागे दहा पीएसआय हा ढोबळ हिशेब चालतो. गरम गाडी दोन हजारांवर ठेवून गेजवर वीस दिसत असतील तर त्या मालकाने ग्रेडचा विचार सोडावा, आणि सकाळी गाडी उठत नसेल तर आधी बॅटरी तपासावी.

सरसकट जाड करत जाण्याची मात्र किंमत मोजावी लागते. रिंगा गेलेलं, निळा धूर मारणारं इंजिन पन्नासवर थोडं कमी ऑइल खातं. पण रिंगा गेल्या त्या गेल्याच. त्यावर आणखी घट्ट करणारी ट्रीटमेंटची बाटली ओतली की गेजवर काटा वर दिसतो, मालकाला बरं वाटतं, आणि बेअरिंगमधून वाहणारं ऑइल कमी होतं. बेअरिंगला थंड ठेवतं तेही वाहणारं ऑइलच. प्रेशर जास्त म्हणजे पोषण जास्त, असं नेहमी नसतं. अशा गाडीचं इंजिन काम कधी काढायचं ते ठरवण्यापूर्वी कंप्रेशन मोजावं. बाटलीपेक्षा त्यात पैसा सार्थकी लागतो.

उलट बाजूला ५डब्ल्यू-३०चा मोह आहे. आजच्या गाड्यांत ते ऑइल कंपनीच सांगते, म्हणून जुन्या गाडीतही ते चांगलंच, असा समज. नव्या इंजिनांच्या फटी आणि पंप त्या ऑइलला धरून आखलेले असतात. जुन्या पद्मिनीला मे महिन्यात कसाऱ्याचा घाट चढताना चेंबरमधलं तीस ग्रेडचं ऑइल पुरतं पातळ झालेलं असेल. डिसेंबरातल्या पहाटेची काही सेकंदं वाचवण्यासाठी वर्षभराची पापुद्र्याची जाडी घालवणं हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. जुन्या इंजिनांत कॅमवर घासणारे टॅपेट सपाट असतात, रोलरवाले नसतात. तिथला दाब पापुद्रा फोडतो, आणि मग धातूला वाचवतो तो ऑइलमधला झिंक आणि फॉस्फरसचा पदार्थ, झेडडीडीपी. तो जळून धुराड्यात गेला की फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खराब करतो. म्हणून २००४पासून हलक्या ग्रेडच्या पेट्रोल ऑइलांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. ही मर्यादा ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशा इंधन वाचवणाऱ्या ग्रेडना आहे. चाळीस आणि पन्नासला ती तशी लागू होत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या, सपाट टॅपेटच्या गाडीसाठी वीस-पन्नास किंवा पंधरा-चाळीसच्या बाजूने हे एक भक्कम कारण आहे, आणि त्याचा थंडीशी काही संबंध नाही.

मग थंडीचं भय खोटं आहे का? मुळीच नाही. फक्त ते वेगळ्या गावचं आहे.

१९८०-८१च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, सू फॉल्स शहरात, गाड्यांची इंजिनं एकामागून एक जाम झाली. ऑइल नियमाप्रमाणेच होतं. डब्ल्यूची परीक्षा पास झालेलं होतं. स्टार्टरने इंजिन फिरलं, सुरूही झालं आणि काही वेळात बेअरिंग जळालं. शोध घेतल्यावर कळलं की प्रयोगशाळेत ऑइल भराभर थंड करत असत, आणि सू फॉल्सच्या अंगणात ते तास-दोन तास नव्हे, दिवसरात्र हळूहळू थंड होत गेलं होतं. त्या संथ गारठ्यात ऑइलमधल्या मेणाने जाळं विणलं आणि ऑइल घट्ट द्रव न राहता थिजलं. पंपाने तोंडाजवळचं ऑइल ओढलं, तिथे पोकळी झाली, आणि आजूबाजूचं थिजलेलं ऑइल घसरून ती भरून काढेना. पंप नुसती हवा ओढत राहिला. चेंबर भरलेला, इंजिन कोरडं!

त्यानंतर परीक्षा बदलली. ऑइल सुमारे दोन दिवस ठरल्या संथ गतीने थंड करायचं आणि मग दोन गोष्टी पाहायच्या : घट्टी ६०,००० सेंटिपॉइजच्या आत आहे का, आणि ऑइल थिजून स्वतःचा आकार धरून तर बसलं नाही ना. २०डब्ल्यूसाठी ही परीक्षा उणे २०ला होते, १५डब्ल्यूसाठी उणे २५ला, ५डब्ल्यूसाठी उणे ३५ला आणि ०डब्ल्यूसाठी उणे ४०ला. आज दुकानातल्या प्रत्येक डब्यावरच्या डब्ल्यूमागे सू फॉल्सची ती इंजिनं आहेत.

कॅनडातल्या विनिपेग किंवा एडमंटनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेची पिन लोंबत असते. पार्किंगमध्ये पिनेचं सॉकेट असतं आणि रात्री गाडी चार्जिंगला लावावी तशी लावतात. ती पिन असते इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची. अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या ग्रँड फॉर्क्समधले अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडबोल्टच्या जागी बसणारा हीटर तयार केला, त्याचं पेटंट १९४९चं. तिथली जुनी गाडी उणे तीसमध्ये ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यूवर असायलाच हवी. तिथे वीस-पन्नास घालून गाडी रात्रभर अंगणात ठेवणं म्हणजे सू फॉल्सची पुनरावृत्ती.

भारतात हा प्रश्न लडाख आणि स्पितीत खरा ठरतो. लेहला जानेवारीत पारा रात्री उणे दहा ते पंधरापर्यंत जातो, कधी त्याहून खाली, आणि द्रास तर त्याहून कडक. तिथे ऑइलच्याही आधी डिझेल गोठतं. डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये अडकतं आणि गाडी बंद पडते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं, गाडीखाली जाळ करणं हे उपाय तिथल्या चालकांनी वर्षानुवर्षं केले. नोव्हेंबर २०१९मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीतून आलेल्या या डिझेलने तिथल्या हिवाळी वाहतुकीचा मोठा अडसर दूर केला.

आता हिवाळी स्पितीचं वेड महाराष्ट्रातही पसरलं आहे. एमएच पासिंगच्या जुन्या जीप आणि स्कॉर्पिओ जानेवारीत स्पितीतल्या काझाकडे निघालेल्या दिसतात. अशा प्रवासासाठी मात्र ऑइल बदलूनच निघायला हवं, आणि त्यातही पहिला आकडाच खाली आणायचा. वीस-पन्नासवर चालणाऱ्या गाडीत ५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-५० सिंथेटिक घातलं की तापल्यावरची घट्टी हातची जात नाही आणि उणे पंचवीसला ऑइल वाहतं राहतं. सिंथेटिकमध्ये मेण जवळजवळ नसतंच. त्याचा खरा कस तिथेच लागतो. दोन आकड्यांतलं अंतर वाढलं की मिनरल ऑइलमध्ये जास्त पॉलिमर घालावे लागतात, आणि गिअर व बेअरिंगमधल्या रगड्यात ते पॉलिमर तुटून ऑइल लवकर पातळ होतं. म्हणून ५डब्ल्यू-५० घ्यायचंच तर चांगलं सिंथेटिक घ्यावं, स्वस्तातलं मिश्रण नको. रेडिएटरमधलं कूलंट, बॅटरी आणि डिझेल यांची व्यवस्था त्याच यादीत, ऑइलच्या बरोबरीने.

जुन्या गाडीत सिंथेटिक घातलं की ऑइल सील गळतात, ही भीती निराधार नव्हती. सुरुवातीच्या काही सिंथेटिकांत जुन्या रबराला फुगवून घट्ट ठेवणारे घटक कमी होते. मोबिल-वन हे १९७४मध्ये अमेरिकेत आलं ते ५डब्ल्यू-२० म्हणून, म्हणजे तेव्हाच्या गाड्यांच्या मानाने फारच पातळ. आजच्या सिंथेटिकांत ती उणीव भरून काढलेली असते. मात्र वर्षानुवर्षं स्वस्त ऑइलवर चाललेल्या इंजिनात कपच्यांचा गाळ साचलेला असतो. तो धुऊन निघाला की जे सील त्या गाळाच्या भरवशावर टिकून होते ते गळू लागतात. अशा इंजिनात आधी साध्या ऑइलने लवकर-लवकर दोन बदल करून गाळ हळूहळू काढावा आणि प्रत्येक वेळी फिल्टर नवा घालावा.

मोटारसायकलचा हिशेब वेगळा. तिथे बहुतेक गाड्यांत क्लच इंजिनच्याच ऑइलात बुडालेला असतो आणि मोटारीसाठीच्या काही ऑइलांतले घर्षण कमी करणारे पदार्थ क्लच घसरवतात. जुन्या यामाहा फोर-स्ट्रोकसारख्या गाडीसाठी डब्यावर जासो एमए, म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा शिक्का, आहे का ते आधी पाहावं, ग्रेड नंतर. डिझेल जीपला पंधरा-चाळीस आणि डिझेलचा सी-वर्गाचा शिक्का. काजळीमुळे तिचं ऑइल हजार किलोमीटरच्या आतच काळं पडतं, त्याने घाबरू नये. जुन्या टू-स्ट्रोक चेतकला हा सगळा खटाटोपच नाही. तिथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतं आणि जळून जातं.

थंडीत महाराष्ट्रातली जुनी गाडी सुरू होत नसेल तर दोष बहुतेक वेळा अन्यत्र असतो. लेड-अॅसिड बॅटरीची ताकद गारठ्यात घटते आणि तिचं वय झालेलं असेल तर आठ-दहा अंशही पुरतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमलेली असते, अर्थिंगचा पट्टा सैल असतो. चोकची केबल पूर्ण ओढली जात नाही. प्लगचं गॅप वाढलेलं असतं. जुन्या डिझेलमध्ये एखाद-दुसरा हीटर प्लग गेलेला असतो आणि इंजिन दोन सिलिंडरवर थरथरत, पांढरा धूर सोडत उठतं. हे सगळं तपासायला जेवढा वेळ जातो तेवढाच वेळ ऑइल बदलायलाही जातो, पण इलाज पहिल्यातच आहे.

हिवाळा ऑइलला खरोखर कुठे पकडतो ते कळतं ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. झाकण फिरवून काढलं की कडेला पिवळसर, साईसारखा थर बोटाला लागतो. कारण सोपं आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं तर ती ब्रीदरमधून बाहेर जाते. गाडी फक्त दूध-भाजीपुरती किलोमीटरभर चालली आणि बंद झाली, तर ती वाफ गार झाकणावर पाणी होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते. थंडीत हे जास्त होतं. चोकवर जास्त वेळ चालल्याने न जळलेलं पेट्रोलही त्यात उतरतं आणि डिपस्टिक हुंगली तर पेट्रोलचा वास येतो. पाणी आणि पेट्रोल मिळून ऑइल पातळही होतं आणि आम्लही तयार होतं. अशा ऑइलवर वीस-पन्नास लिहिलं होतं की पंधरा-चाळीस, याला तेव्हा फारसा अर्थ उरत नाही. साईचा थर झाकणापुरताच असेल तर घाबरायचं कारण नाही. डिपस्टिकवरही दुधाळ रंग दिसला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र हेडचं पॅकिंग गेलेलं असू शकतं, ती गाडी लगेच मिस्त्रीकडे न्यायची.

हौसेने जपलेल्या गाड्यांचं दुखणं हेच असतं. त्या रविवारी बाहेर निघतात, फोटो होतात आणि पुन्हा कव्हरखाली जातात. त्यांचे किलोमीटर पाच हजारांवर पोचायला चार वर्षं लागतात आणि मालक म्हणतो, अजून ऑइलचे किलोमीटर झालेले नाहीत. अशा गाडीला किलोमीटरचा नाही, महिन्यांचा हिशेब लावायला हवा. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर आणि थंडीच्या तोंडावर, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. इंजिन गरम असतानाच ड्रेन नट सोडावा, म्हणजे गाळ ऑइलबरोबर बाहेर येतो. नटाच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावरची धातूची कणी बोटाने तपासावी. पिठासारखी बारीक असेल तर नेहमीची झीज. चमचमणारे कपचे दिसले तर बेअरिंग उघडून पाहायची वेळ आली. वॉशर नवा घालावा, आणि नवं ऑइल भरण्यापूर्वी डब्यावरचा ग्रेड गाडीच्या हँडबुकातल्या तक्त्याशी ताडून पाहावा. बहुतेक जुन्या हँडबुकांत तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो आणि त्यातली महाराष्ट्राच्या हवेला लागू पडणारी ओळ बहुधा वीस किंवा पंधरा डब्ल्यूचीच निघते.

निघालेलं जळकं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. २०१६च्या नियमांनुसार तो धोकादायक कचरा आहे आणि बहुतेक मोठी गॅरेजं ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देतात. घरी ऑइल बदलणाऱ्याने ते नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून गॅरेजमध्ये नेऊन द्यावं. आणि नवं ऑइल घातल्यावर पहिल्या रविवारी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नव्हे, तर पुण्याहून खेड शिवापूरपर्यंत किंवा नाशिकहून सिन्नरपर्यंत न्यावी : तापमानाचा काटा मधोमध येऊन किमान अर्धा तास एकाच जागी ठरेल, इतकी.